पेल्यातलं पाणी आणि पडद्यावरचं पाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया आल्या दिवशीच वाचली. उत्तराला आठ दिवस लागले, कारण तुमचे मुद्दे दोन ओळींत आभार मानून सोडून देण्यासारखे नाहीत. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मुलांनी संगणकावर स्वतः मॉडेल, म्हणजे एखादी घटना कशी घडते याचे नियम, लिहून विज्ञान शिकावं, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. तीस वर्षं तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या सरांना ते पटलं नाही. संगणकात आपण जे घालतो तेच तो परत देतो, मग निसर्गाला प्रश्न विचारणं कुठे आलं, असं ते विचारतात. कोडिंग शिकण्यातच मुलांचा वेळ जाईल, हा दुसरा आक्षेप. आणि ज्या शाळेत धड परीक्षानळ्या नाहीत तिथे हे लाड कशाला, हा तिसरा. शेवटचं वाक्य त्यांच्याच शब्दांत देते : ‘आधी मूग भिजत घाला, मग माऊस हातात द्या.’

सर, पहिला आक्षेप सगळ्यांत खोल आहे आणि तो मला माझ्याच वर्गात भेटलेला आहे. दर शनिवारी मी एका गावातल्या शाळेत जाते. पहिल्या वर्षी मी मुलांना नेटलोगो या संगणक-प्रणालीतलं लांडगे-मेंढ्यांचं तयार मॉडेल दाखवलं. उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये आणलेली ही प्रणाली फार चांगली आहे, दोष तिचा नाही. मुलं तासभर पट्ट्या इकडेतिकडे सरकवत होती, आलेख वरखाली होत होते, वर्गात उत्साह होता. शेवटी मी विचारलं, काय समजलं? एक मुलगा म्हणाला, ‘ताई, लांडगे कमी ठेवायचे, मग गेम जास्त वेळ चालतो.’ त्याने प्रामाणिक उत्तर दिलं होतं. मेंढ्या का वाढतात, लांडगे का उपाशी मरतात, यातलं काहीच त्याने मांडलं नव्हतं. ते दुसऱ्या कुणीतरी मांडून ठेवलं होतं. तुमचा आक्षेप तिथे शंभर टक्के लागू होतो.

म्हणून दुसऱ्या वर्षी तयार मॉडेल बंद केलं. स्टीलचा पेला घेतला, त्यात गरम पाणी आणि एक थर्मामीटर. पाणी ८० अंश, वर्गात २८. दोन मुली दर पाच मिनिटांनी आकडा लिहून घ्यायला बसल्या. पहिल्या पाच मिनिटांत तापमान १० अंशांनी उतरलं. बाकीची मुलं लगेच म्हणाली, म्हणजे मिनिटाला दोन अंश. मी म्हटलं, लिहा तसं. त्यांनी स्क्रॅच या ठोकळे जोडून कोडिंग करायच्या प्रणालीत लिहिलं : तापमानातून २ वजा कर, असं ६० वेळा कर. ते चालवायला हिरवा झेंडा दाबला. चाळिसाव्या मिनिटाला पडद्यावरचं पाणी शून्यावर गेलं आणि तासाभराने उणे ४० वर. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, ‘ताई, नुसतं ठेवून पाण्याचा बर्फ झाला!’

त्या क्षणी वर्गात जे झालं ते मला पाठ्यपुस्तकातून कधी घडवता आलं नसतं. नियम त्यांचा होता, तो बरोबर आहे असं त्यांना मनापासून वाटत होतं आणि संगणकाने तो शेवटपर्यंत निमूटपणे पाळून दाखवला. वहीत ‘पाणी हळूहळू थंड होते’ असं वाक्य लिहिलं असतं तर ते कधीच चुकलं नसतं. चुकू शकेल इतकं स्पष्ट त्यात काही नव्हतंच.

एकाने लगेच डागडुजी सुचवली : २८ झालं की थांब, अशी अट घालू. पडदा सुधारला असता. मी विचारलं, पाण्याला कसं कळतं की आता २८ झालं, थांबायचं? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आकडे लिहिणाऱ्या मुलींनी वही पुढे केली. पहिल्या पाच मिनिटांत १०, पुढच्या पाचांत ७, त्यापुढे ५. उतरण स्वतःच मंदावत होती. खोलीच्या जवळ जाईल तसं कमी, असं कुणीतरी म्हणालं. सुरुवातीचा फरक ५२, त्यातले २ गेले, म्हणजे साधारण चार टक्के. नवा नियम फळ्यावर आला : दर मिनिटाला खोलीशी जो फरक असेल त्याचे चार टक्के वजा कर. सर, हा थंड होण्याचा न्यूटनचा नियम. तो मला कॉलेजात भेटला, तोही अवकल समीकरणाच्या रूपात. या मुलांनी वजाबाकी आणि शेकडेवारीच्या बळावर तो मांडला. संगणकाचं खरं काम मला इथे दिसतं. गणिताची जी पायरी सातवीत चढता येत नाही, तिच्याऐवजी तो एकच छोटी वजाबाकी न कंटाळता साठ वेळा करून देतो.

आणि गोष्ट तिथे संपली नाही. तिसाव्या मिनिटाला संगणक ४३ सांगत होता, थर्मामीटर ४७ वर होता. संगणक खोटं बोलतोय, असं एक गट म्हणाला. थर्मामीटर नीट वाचला नाही, असं दुसरा. वाद वाफेवर येऊन थांबला. सुरुवातीला पाणी खूप गरम, वाफ भराभर जाते आणि उष्णताही सोबत नेते. आपण चार टक्के काढले ते त्याच पाच मिनिटांवरून, मग ते जास्तच येणार. पुढच्या शनिवारी पेल्यावर ताटली झाकण म्हणून ठेवली, आकडे नव्याने घेतले, टक्के नव्याने काढले. वाफ अडल्यावर पडदा आणि पेला बरेच जवळ आले. निसर्गाला विचारलेला हा दुसरा प्रश्न पडद्यावरच्या चुकीतून निघाला होता.

तुम्ही लिहिलंत की आलेख जुळला म्हणजे मुलांना सत्य सापडल्यासारखं वाटेल. ही भीती रास्त आहे, आणि याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. करमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन संशोधकांनी १९२७ मध्ये साथीच्या रोगांचं गणित मांडलं. लागण होऊ शकणारे, आजारी आणि बरे झालेले किंवा दगावलेले, असे लोकसंख्येचे तीन भाग. कोविडच्या काळात ज्या मॉडेलांची चर्चा झाली त्यांतल्या अनेकांचं मूळ हेच. त्या निबंधात त्यांनी आपला वक्र पडताळला तो मुंबई बेटावरच्या प्लेगच्या मृत्यूंशी, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातल्या. मॅकेंड्रिक भारतात नोकरी केलेले डॉक्टर होते. वक्र सुंदर जुळला. पण प्लेग प्रामुख्याने पसरतो तो उंदरांवरच्या पिसवांमुळे, आणि पिसवांचं प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतं. माणसापासून माणसाला सरळ लागण, सगळा काळ एकाच दराने, हे गृहीतक तिथे बसत नाही. त्या दोघांनीही हे लपवलं नाही. माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे आणि आपलं समीकरण फार ढोबळ आहे, असं त्यांनी तिथेच नोंदवलं.

नववीच्या मुलांना मी हा आलेख दाखवते आणि विचारते, साथ एप्रिलनंतर ओसरली ती लागण होण्याजोगी माणसं संपत आली म्हणून, की उन्हाळ्यात पिसवा कमी झाल्या म्हणून? दोन्ही नियम लिहा. दोन्ही आलेख चढून उतरतात. मग निवड कशी करायची? मुलं म्हणतात, पुढच्या वर्षीचे आकडे हवेत, उंदरांचे हवेत. जुळलेल्या आलेखावर संशय घ्यायला मी याहून चांगलं शिकवू शकत नाही.

दुसऱ्या आक्षेपाला फार वेळ घेत नाही. एमआयटीमध्ये तयार झालेलं स्क्रॅच २००७ पासून सगळ्यांना खुलं आहे. त्यात ठोकळे जोडायचे असतात, अर्धविराम चुकला म्हणून अडत नाही, आणि चलांना ‘तापमान’, ‘खोली’, ‘फरक’ अशी मराठी नावं देता येतात. वर सांगितलेला नियम चार-पाच ठोकळ्यांचा आहे. सहा वर्षांच्या मुलाला ॲप बनवायला शिकवतो म्हणणाऱ्या जाहिरातींची चीड तुमच्याइतकीच मलाही येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगचा उल्लेख आला, आणि त्याचा वेगळा तास, वेगळं पुस्तक, वेगळी परीक्षा होईल ही काळजी मला खरोखर वाटते. विज्ञानाच्या तासातच ते हवं, नाहीतर नको.

राहिला साधनांचा प्रश्न. आमच्याकडे वर्गाला एकच लॅपटॉप आहे. म्हणून सुरुवात चिंचोक्यांनी होते. घासून फोडलेले शंभर चिंचोके घ्यायचे, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. उधळायचे, पांढरे पडतील ते बाजूला काढायचे, उरलेले मोजायचे, पुन्हा उधळायचे. किरणोत्सर्गी पदार्थाचा अर्धायुकाल, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा वेळ, मुलांच्या हातात येतो. चिंचोके अगदी निम्मे पडत नाहीत, शेवटी चार-पाच उरले की आकडे भलतेच उड्या मारतात, आणि मुलांनाच वाटतं की दहा हजार चिंचोके असते तर? तिथे लॅपटॉप उघडायचा. त्याआधी उघडला तर ते लाडच, हे मान्य.

आता एक मागणं. मूग भिजवून दहा दिवस रोज मोडाची लांबी मोजण्याचा प्रयोग तुम्ही वर्षानुवर्षं करून घेतला, असं तुम्ही लिहिलंय. त्या वह्यांपैकी काही अजून असतील का? माझ्या मुलांचा सध्याचा नियम असा आहे की मोड रोज सारखाच वाढतो, आणि तो कुठे मोडतो हे त्यांना कळायला माझ्याकडे एकाच आठवड्याचे आकडे आहेत, तेही पावसाळ्यातले. तुमच्याकडे हिवाळ्यातले असतील तर फार बरं होईल. लांबीबरोबर तारीख आणि वाटी खिडकीत होती की कपाटात, एवढं असलं तरी पुरे. वह्यांचे फोटो पाठवलेत तरी चालेल, आकडे मुलं उतरवून घेतील.