दहा अंडी, बघून परत ठेवलेली

बारावीच्या गणितात बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन म्हणून, म्हणजे एकच गोष्ट ठरावीक वेळा केली तर ती नेमकी किती वेळा घडेल याची शक्यता काढायचा, जो धडा आहे ना, त्यातली गणितं ज्यांनी घातली त्यांनी जन्मात किराणा दुकान चालवलेलं नाही, हे मी स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायला तयार आहे. आता तुम्ही म्हणाल दुकानदाराला काय करायचंय बारावीचं गणित. मलापण काय करायचं नव्हतं ओ. मी कॉमर्सवाला, त्यातपण गणित टाळून सेक्रेटरिअल प्रॅक्टिस घेतलेला. पण क्लासच्या सरांनी पोरांना सांगून ठेवलंय की तुम्हाला गणित खरंच समजलंय का बघायचं असेल तर घरात ज्याला गणिताचा गंध नाही अशा माणसाला ते समजावून सांगा, आणि आमच्या चिरंजीवांनी घरातल्या सगळ्यांवरनं एकदा नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबवली.

तेव्हापासनं मी शटर ओढून घरी येतो, दोन घास खातो आणि हात पुसेपर्यंत हा वही घेऊन समोर हजर.

"पप्पा, एका लॉटमधली दहा टक्के अंडी खराब आहेत. त्यातनं एकेक करत दहा अंडी काढली, प्रत्येक अंडं बघून परत ठेवलं. तर किमान एक खराब निघायची शक्यता किती?"

"परत ठेवलं?"

"हां. विथ रिप्लेसमेंट."

"खराब निघालेलं पण परत ठेवलं?"

"हो."

"का रे बाबा?"

"नायतर पी बदलतो ना!"

पी म्हणजे एका वेळी खराब निघायची शक्यता, ती दरवेळी तेवढीच राहिली पाहिजे म्हणे. आणि खराब निघण्याला हे लोक सक्सेस म्हणतात. अंडं नासकं निघालं की सक्सेस, चांगलं निघालं की फेल्युअर! असल्या सक्सेसवर माझं दुकान महिन्याभरात बंद पडेल.

पण उत्तर ऐकून मी खरंच गप झालो. युक्ती अशी की किमान एक खराब हे सरळ मोजत बसायचं नाही, एक, दोन, तीन करत दहापर्यंत सगळ्या बेरजा कोण करणार, त्यापेक्षा एकही खराब नाही हे मोजायचं आणि एकातनं वजा करायचं. एक अंडं चांगलं निघायची शक्यता ०.९, तिचा दहावा घात साधारण ०.३५, म्हणजे किमान एक खराब निघायची शक्यता ६५ टक्के. मी इतकी वर्षं समजत होतो की दहा टक्के माल खराब म्हणजे दहा अंडी नेणाऱ्या प्रत्येकाला बरोब्बर एक नासकं जाणार. तसं नाही. ३५ टक्के गिऱ्हाईकं एकदम सुखात, ३९ टक्क्यांना नेमकं एक खराब, ते लोक कुरकुरतात पण सोडून देतात, आणि राहिलेले २६ टक्के, ज्यांना दोन किंवा जास्त लागली, ते पिशवी घेऊन भर गर्दीच्या वेळेला येतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतात, "काय ओ, सगळीच असली विकताय का?" आता मी त्यांना सांगू शकतो की साहेब, तुम्ही बायनॉमियल वितरणाच्या शेपटीत, म्हणजे टोकाला, सापडलाय. अजून कुणाला सांगितलेलं नाही, मार खायची शक्यता काढून बघायचीय आधी.

तरी माझा मुद्दा शिल्लक राहतोच. हा धडा चालायला ट्रायल एकमेकांपासनं स्वतंत्र लागतात, म्हणजे पहिल्या अंड्याचं काय झालं याच्याशी दुसऱ्याला काही देणंघेणं नको. अहो, तीसच्या ट्रेमधली अंडी एकाच पोल्ट्रीतनं, एकाच टेम्पोतनं, मे महिन्याच्या एकाच उन्हातनं येतात. एक नासलं की शेजारची पण त्याच वाटेवर असतात. माझ्याकडं शंका आली की बादलीत पाणी घेऊन अंडी सोडायची पद्धत आहे, ताजं अंडं तळाला आडवं पडतं, जुनं तळालाच पण उभं राहतं, आणि एकदम जुनं झालेलं सरळ वर येऊन तरंगतं. एक तरंगलं की मी पुढची शक्यता काढत बसत नाही, अख्खा ट्रे बाजूला ठेवतो. मी हे पोराला सांगितलं तर म्हणतो, "पप्पा, बोर्डात अंडी स्वतंत्रच असतात."

मग त्यानं पावसाचं गणित काढलं. कुठल्याही दिवशी पाऊस पडायची शक्यता ०.४, तर आठवड्यात नेमके पाच दिवस पाऊस पडायची किती? हे सांगलीत विचारतोय, आणि ते पण पुराचं पाणी शिरतं त्या मारुती चौकाजवळ दुकान असलेल्या माणसाला. वर कोयनेच्या पाणलोटात एकदा धरला की तो नाणं उडवून ठरवत नाही उद्या पडू का नको. आज पडला तर उद्या पडायची शक्यता वाढते, मग धरणाचे दरवाजे उचलतात, मग आख्खी सांगली दर तासाला एकमेकांना फोन करून विचारते आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती झालं. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं तेव्हा साखरेची पोती माळ्यावर चढवणाऱ्याला तुम्ही इंडिपेंडन्स शिकवताय?

या सगळ्याच्या मुळाशी याकोब बर्नुली म्हणून स्वित्झर्लंडमधल्या बासेलचा एक गणिती आहे. त्याचं शक्यतेच्या गणितावरचं पुस्तक तो गेल्यावर आठ वर्षांनी, १७१३ ला छापलं गेलं आणि त्यातला शेवटचा भाग अपुराच राहिला होता. पूर्ण झाला असता तर पोरांना अजून काय काय लागलं असतं कुणास ठाऊक.

खरा तमाशा नाण्याचा झाला. गणित सोपं होतं, नाणं सहा वेळा उडवलं तर नेमके तीन छापे यायची शक्यता किती. आमची आई तिथंच गवारीच्या शेंगा मोडत बसलेली, ती म्हणाली यात काय गणित, सहाचे निम्मे तीन, येणारच की. पोरगं म्हणालं नाही आज्जी, ६४ पैकी २० वेळाच, ३१ टक्के. "म्हणजे बहुतेक वेळा तीन येतच नाहीत?" "नाहीत." आईनं कनवटीचं पाच रुपयांचं नाणं काढलं, याला उडवायला लावलं. पाच छापे आले. आईनं नाणं उलटंपालटं करून बघितलं, मग नातवाकडं बघितलं, मग माझ्याकडं, जणू काही मीच त्याला हे शिकवलंय. त्यात यानं अजून तेल ओतलं की जितक्या जास्त वेळा उडवशील तितकं बरोब्बर निम्मं यायची शक्यता कमी होते, दहा वेळा उडवलं तर नेमके पाच यायची २५ टक्क्यांच्या आत, शंभर वेळा उडवलं तर नेमके पन्नास यायची फक्त ८ टक्के. शंभरात पंचेचाळीस ते पंचावन्नच्या मधी कुठंतरी बहुतेक वेळा येतं, पण बोट ठेवून पन्नास नाही. आई म्हणाली, "असलं शिकायला फी भरतोय का रे आपण?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण फी मी भरलीय आणि ती बायनॉमियल नाही, फिक्स आहे.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण धडा पक्का झाल्याची खूण म्हणून चिरंजीव परवा हिशोब मांडून आले. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, दोन मार्क आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे एन, एकूण प्रश्न, पन्नास, पी पाव, आणि दोन्हींचा गुणाकार एनपी, म्हणजे सरासरी बरोबर उत्तरं, साडेबारा. "पप्पा, काहीच न वाचता नुसते पर्याय क्लिक केले तरी शंभरात सरासरी पंचवीस पडतात!" चेहऱ्यावर असलं तेज मी त्याच्या दहावीच्या रिझल्टला पण बघितलं नव्हतं. मी विचारलं, निम्मे बरोबर यायला काय करायचं? त्यानं दोन ओळी खरडल्या, कॅल्क्युलेटर बडवला, चेहरा जरा पडला आणि म्हणाला, "तुक्क्यावर दहा हजारात एखाददुसरा." त्या रात्री तो बारा वाजेपर्यंत इंटिग्रेशन करत होता, आणि पहिल्यांदाच मला काहीही समजावून न सांगता.

म्हटलं सुटलो. त्याच्या पुस्तकातला हा शेवटचा धडा, आता घरात परत नाणी उडणार नाहीत. तर काल धाकटी, अकरावी कॉमर्सला आहे, गणित घेऊन, दुकानात येऊन गल्ल्याशेजारी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "पप्पा, आपल्याकडं तासाला सरासरी किती गिऱ्हाईकं येतात?"

मी म्हटलं, का गं?

"पुढच्या वर्षी आम्हाला बायनॉमियल पण आहे आणि त्याच्यापुढं पॉयसनपण आहे, नुसत्या सरासरीवरनं शक्यता काढायचं."