संताची परवानगी घेऊन टाकलेला दरोडा

दरोड्यावरचे इटालियन विनोदी सिनेमे म्हटलं की सगळे १९५८च्या ‘इ सोलिती इन्योती’चं नाव घेतात. घ्यायलाच हवं. पण १९६६ साली दिनो रिझीनं केलेल्या ‘ओपेराझिओने सान जेन्नारो’बद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, हे मला मनापासून खटकतं. माझ्या लेखी तो जास्त मोठा सिनेमा आहे.

अमेरिकेतून आलेल्या टोळीचा डोळा असतो सान जेन्नारोच्या, म्हणजे इटलीतल्या नेपल्स शहराच्या रक्षक संताच्या, खजिन्यावर. इथला माहीतगार माणूस हवा म्हणून ते थेट तुरुंगात जातात, डॉन विन्चेन्झोला भेटायला. हा डॉन विन्चेन्झो म्हणजे नेपल्सचा लाडका विनोदी नट तोतो! १९५८च्या सिनेमात तिजोरी कशी फोडायची ते चोरांना शिकवणारा तोच. इथे त्याच्या वाट्याला मोजकेच प्रसंग आहेत. तोवर त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि एप्रिल १९६७मध्ये तो गेलाच. पण तुरुंगात बसून तो ज्या थाटात शहराचा कारभार हाकतो, ते बघताना यातलं काही म्हणता काही जाणवत नाही.

तो नाव सुचवतो दुदूचं, म्हणजे नीनो मानफ्रेदीचं. आणि हा दुदू, कामाला हात घालायच्या आधी, संतापुढे उभा राहून त्याची परवानगी मागतो.

हा प्रसंग नुसता हसण्यावारी नेऊ नये असं मला वाटतं. १५२७ साली प्लेग, युद्ध आणि व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या भीतीनं गांजलेल्या नेपल्सकरांनी या संताला नवस बोलला: आम्हाला वाचव, आम्ही तुला नवं चॅपेल, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधू. त्याचा रीतसर कागद केला, नोटरीसमोर! पुढे १६०१मध्ये त्यासाठी नागरिकांची समिती नेमली गेली. त्यामुळे हा खजिना ना चर्चचा, ना राजाचा, तो शहराचा. एकट्या १७१३च्या मुकुटात साडेतीन हजारांहून जास्त रत्नं आहेत. मग याच शहरातला एक फाटका माणूस ‘हे गोरगरिबांच्या कामी येऊ दे’ म्हणून संताशी बोलतो, तेव्हा त्याला निव्वळ चोर कसं म्हणायचं? मानफ्रेदी गयावया करत नाही, घरातल्या थोरल्या माणसाला पटवावं तसा बोलतो. नेपल्सची रीतच ती. कुपीत जपलेलं संताचं सुकलेलं रक्त ठराविक दिवशी पातळ होतं अशी तिथली श्रद्धा; त्याला उशीर झाला तर तिथल्या म्हाताऱ्या बायका भर चर्चमध्ये संतालाच खडसावतात.

अमेरिकनांना हे कळत नाही. त्यांच्यासाठी तो नुसता माल. सिनेमातली खरी झुंज इथेच आहे. पोलीस वगैरे नावापुरते.

दरोड्याची रात्रही किती अचूक निवडली आहे! नेपल्सच्या गाण्यांच्या महोत्सवाची. सगळं शहर टीव्हीला चिकटलेलं, रस्ते ओस.

गंमत म्हणजे रिझी मिलानचा, मानफ्रेदी रोमच्या बाजूच्या खेड्यातला, नायिका झेन्टा बर्गर व्हिएन्नाची. बाहेरच्यांनी नेपल्सवर इतकं जीव लावून काम केलंय की तोतोशेजारी कुणी उपरं वाटत नाही. रिझीचा दुसरा गाजलेला सिनेमा ‘इल सोर्पासो’ मलाही प्रिय आहे, पण माणसांवरची इतकी माया मला या सिनेमातच दिसली.

शेवट सांगत नाही. मात्र बघाल तो मूळ इटालियनमधला, सबटायटल लावून बघा. दुसऱ्या भाषेत डब केला की दुदूची बोली जाते, आणि संतापुढचा तो प्रसंग पार फिका पडतो.