माइल्सला मशीनमधे कोंडलं म्हणता, त्याबद्दल

भाऊ, अमेरिकेतला बास गिटारवाला मार्कस मिलर याच्यावरच्या मागच्या लेखाखालची तुमची कॉमेंट दोनदा वाचली, आणि राग नाही आला, कारण तुम्ही ऐकून लिहिलं हे कळते. तुमचं म्हणणं असं की हा माणूस जॅझवाला नाहीच, बाजाराचा प्रोड्यूसर आहे, आज फंक उद्या आर अँड बी (दोन्ही ठेक्यावर नाचायचं संगीत) परवा सिनेमा, आणि 'टुटू' अल्बममधे त्यानं माइल्स डेव्हिससारख्या जॅझच्या मोठ्या ट्रम्पेटवाल्याला ड्रम मशीनच्या, म्हणजे ठेका वाजवणाऱ्या यंत्राच्या खुराड्यात कोंडलं. शिवाय 'टुटू' एकट्या मिलरचा हे माझं वाक्य चूक आहे.

चूक कबूल. आठ तुकड्यांपैकी 'बॅकयार्ड रिच्युअल' जॉर्ज ड्यूकचा, 'परफेक्ट वे' म्हणजे स्क्रिटी पोलिटी या बँडचं पॉप गाणं, आणि प्रोड्यूसर म्हणून टॉमी लिपुमाचंही नाव आहे. लेखात दुरुस्ती केली.

पण मशीनचं मला पटत नाही. एक विचारतो, तुम्ही हे ऐकलं कशावर? मोबाईलच्या स्पीकरवर बास येतच नाही, नुसती टिकटिक येते, आणि पहिल्यांदा मलेही ते कोरडंच वाटलं होतं. मग जानेवारीत हरभऱ्याचं ओलित चालू होतं, लाइन रात्रीचीच असते आमच्याकडं, मोटर लावली, दांडातलं पाणी पार धुऱ्यापर्यंत जायला वेळ लागते, तोवर बोरीखाली बसून इअरफोन कानात घातला आणि तोच अल्बम लावला. खालून बास आला अन् मी उठून उभाच राह्यलो. दोन-चार सूर टाकते, थांबते, परत टाकते, आणि त्या सोडलेल्या जागेत माइल्सचा म्यूट (आवाज दाबणारं बूच) लावलेला ट्रम्पेट येते, एकटा, जवळून बोलल्यासारखा. पाणी दांड फोडून शेजारच्या वावरात गेलं तेही ध्यानात नाही आलं.

कोंडलेला माणूस असा वाजवत नाही, भाऊ. 1986 मधे माइल्स जुनी कंपनी कोलंबिया सोडून वॉर्नरकडं आला होता, मिलर म्हणजे 26 वर्षांचा पोरगा, बहुतेक वाद्यं त्यानं स्वतःच एकावर एक रेकॉर्ड केली, बास, सिंथ, बास क्लॅरिनेट (खालच्या सुरांची क्लॅरिनेट) सुद्धा, आणि एवढं सगळं हाताशी असून मधली जागा त्यानं म्हाताऱ्या माइल्ससाठी मोकळी ठेवली. मला तर प्रोड्यूसरचं खरं काम हेच वाटते. मशीन तेव्हाचा आवाज होता, आज काही ठिकाणी जुनाट लागते हे मान्य, पण तो दोष त्या वर्षांचा आहे.

आता बाजाराचा मुद्दा. 1981 हे एकच वर्ष घ्या. माइल्सच्या 'द मॅन विथ द हॉर्न'वर मिलरचा बास आहे आणि त्याच वर्षी आर अँड बी गाणारा ल्यूथर वँड्रॉस याच्या 'नेव्हर टू मच'वर पण त्याचाच. एक जॅझ, एक नाचायचं गाणं, अंगठा तोच. तो अंगठा पाहा कधी व्हिडिओत, 1977 चा फेंडर जॅझ बास, जाड तारेवर अंगठ्याचं हाड आपटते आणि लगेच बोट बारीक तार ओढून सोडते, ठण्ण, आणि दोन्हीच्या मधे डावा हात आवाज दाबून टाकते. मला ते पाहून आमच्या भजनातली खंजेरीच आठवते, थापेपेक्षा थाप दाबणं अवघड.

अन् खंजेरीचं निघालंच तर सांगतो. तुकडोजी महाराजांनी मराठीत लिहिलं, हिंदीत लिहिलं, भजन केलं, तीच खंजेरी घेऊन 1955 मधे जपानला गेले, तर आमच्याकडं कोणी नाही म्हणत की हे धड कोणत्याच एका जागचे नाहीत. सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या समोर ठेवून कीर्तनही करतात, हसवतातही, दारूवर झोडपतातही. मग ब्रुकलिनमधे जन्मलेल्या, बाप चर्चमधे ऑर्गन वाजवणारा, स्वतः आधी क्लॅरिनेट शिकलेला, पियानोवाला विंटन केली ज्याच्या नात्यातला, अशा पोरानं काहून एकाच खुंट्याला बांधून राहायचं? वँड्रॉसच्या गाण्यासाठी 1992 चा ग्रॅमी आणि स्वतःच्या 'एम स्क्वेअर्ड'साठी 2002 चा ग्रॅमी, हे दोन्ही घरातलेच की.

तुम्ही त्याचं 'गोरे' ऐकलं नसेल असं वाटते, 2012 च्या 'रेनेसान्स'वर आहे. सेनेगलजवळचं बेट आहे ते, गुलामांचं घर आहे तिथं, ते पाहून आल्यावर त्यानं हे लिहिलं. यात बास बाजूला ठेवून बास क्लॅरिनेट घेतली, भरलेल्या गळ्याचा आवाज आहे त्या वाद्याला. पुढच्याच वर्षी युनेस्कोनं त्याला शांतीचा कलाकार म्हणून नेमलं. लेखात हे टाकायचं राहून गेलं, माझंच चुकलं, नाहीतर तुम्ही बाजार हा शब्द वापरला नसता.

'गोरे' आधी ऐका, 'टुटू' त्याच्यानंतर, इअरफोन लावूनच. तरीही पटलं नाही तर परत लिहा, मिनिट-सेकंद टाकून लिहा कुठं कोंडल्यासारखं वाटलं ते, म्हणजे मी पण तिथंच थांबून ऐकतो.