मीटर कोणत्या डीपीवर आहे, ते आधी तपासा

वीज जाताच स्मार्ट मीटर संदेश पाठवतो, त्यामुळे बिघाडाची जागा लगेच कळते, असं स्मार्ट मीटरवरच्या लेखात म्हटलंय; ते विधान अर्धंच खरं आहे. तो मीटर कोणत्या डीपीवर, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या कोणत्या ट्रान्सफॉर्मरवर, ही नोंदच जुनी असेल तर लाइनमन भलत्याच ठिकाणी पोचणार. आमच्याकडे भार वाढला की जोडण्या दुसऱ्या डीपीवर टाकतात, नोंद तशीच राहते. खरं तर उपाय मीटरच्या याच संदेशांच्या डेटात आहे: नेहमी एकाच क्षणी बंद-चालू होणारे मीटर एका गटात धरले की कोणता मीटर कोणत्या डीपीवर, ही यादी दुरुस्त करता येते.

आणि व्होल्टेजच्या नोंदी लेखात कशा नाहीत? एकाच डीपीवर काही घरांत व्होल्टेज चढलं, काहींत उतरलं, तर न्यूट्रल (वीज परत नेणारी सामाईक तार) सुटत आल्याची दाट शक्यता. तेव्हाच माणूस पाठवला तर लोकांचे फ्रीज-टीव्ही जळायचे वाचतील.