स्टोनहेंजवरची ती गर्दी सैतानपूजेची नाही

डिसेंबरात इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाचे फोटो फिरतात. खाली मजकूर असतो: ‘विक्का पंथाचे लोक इथे सैतानाला बळी देतात.’ हे साफ खोटं आहे. सैतान ही ख्रिस्ती धर्मातली कल्पना. विक्का हा निसर्ग पूजणारा आधुनिक पंथ, त्यात तिला जागाच नाही. १९५०च्या दशकात जेराल्ड गार्डनर यांनी लोकांसमोर आणलेल्या या पंथातले बहुतेक जण ‘कुणालाही इजा करू नका’ हा दंडक मानतात.

२१-२२ डिसेंबरला उत्तर गोलार्धात वर्षातली सर्वांत मोठी रात्र असते. तिथून दिवस वाढू लागतो, म्हणून विक्का पंथीय याला सूर्याचा पुनर्जन्म मानतात. त्यांच्या या सणाचं नाव यूल. अनेक जण तो घरीच करतात: मेणबत्त्या, ओकचा ओंडका, ‘होली’ नावाच्या काटेरी पानांच्या झुडपाच्या हिरव्या डहाळ्या, एकत्र जेवण. काही जण रात्रभर जागून उगवत्या सूर्याचं स्वागत करतात. ऑस्ट्रेलियातले पेगन (विक्कासारख्या निसर्गपूजक पंथांचे लोक) यूल जूनमध्ये करतात, कारण त्यांचा हिवाळा तेव्हा असतो!

स्टोनहेंजला त्या पहाटे ड्रुइड (असाच एक निसर्गपूजक पंथ), इतर पेगन आणि साधे पर्यटकही येतात. ढोल वाजतात, गाणी होतात. स्मारक सांभाळणारी ‘इंग्लिश हेरिटेज’ संस्थाच त्यांना मोफत आत सोडते. यात लपूनछपून काहीच नाही.