दात बैलाचे बघतात, ड्रायव्हरचे नाही

2025 च्या जानेवारीत आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे भांडण पेटलं ते अजून अधूनमधून धुमसतंच. आपली टीम ऑस्ट्रेलियात 3-1 ने मार खाऊन परत आली, बीसीसीआयने फर्मान काढलं की आता सगळ्यांनी डोमेस्टिक खेळायचं, आणि रोहित शर्मा बीकेसीला मुंबईकडून जम्मू-काश्मीरविरुद्ध रणजीला उतरला. पहिल्या डावात 3, दुसऱ्यात 28, आणि मुंबई घरच्या मैदानावर हरली. झालं, ग्रुपचे दोन तुकडे. एक म्हणतोय पाय जमिनीवर राहतात, मोठ्यांनी खाली खेळलंच पाहिजे. दुसरा म्हणतोय रोहित आणि जयस्वाल ओपनिंगला आले म्हणून वर्षभर घाम गाळणाऱ्या पोरांना बाहेर बसवलं, त्याचं काय. आणि मग नेहमीप्रमाणे कोणीतरी मला टॅग केलं, "अरे तू अमेरिकेत आहेस ना, तिकडे कसं असतं ते सांग याला."

ही एक गंमत आहे. गावाकडच्यांना वाटतं तिकडे सगळ्याचं काहीतरी सेटल झालेलं उत्तर असतं. मी राहतो नॉर्थ कॅरोलायनात कॉन्कर्डला, शार्लटच्या शेजारी, म्हणजे नॅस्कारच्या, इथल्या मोटार शर्यतींच्या, अगदी माजघरात, मोठ्या टीमची वर्कशॉपं सगळी या पट्ट्यात, आणि मे महिन्यात वारा बरोबर असला तर स्पीडवेवरच्या इंजिनांचा आवाज आमच्या मागच्या अंगणात येतो. आणि इथे हेच भांडण वीस-पंचवीस वर्षं चाललंय, फक्त बॅटच्या जागी गाडी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नॅस्कारमध्ये सगळ्यात वर कप सिरीज, रविवारची. त्याच्या खाली शनिवारची सिरीज, जिचं नाव स्पॉन्सरप्रमाणे बदलत राहतं, आधी बुश, मग नेशनवाइड, 2015 ते 2025 एक्सफिनिटी आणि आता ओ'रायली. त्याच्याही खाली ट्रक सिरीज, पिकअपच्या बॉडीच्या गाड्या. खालच्या दोन्ही म्हणजे वर चढायच्या पायऱ्या. आता प्रश्न असा, की रविवारी कप चालवणाऱ्या ड्रायव्हरने शनिवारी खाली येऊन ट्रॉफी उचलून न्यायची का?

एके काळी तर खुलेआम चाललं होतं. 2006 ते 2010, सलग पाच वर्षं, खालच्या सिरीजचा चॅम्पियन कपमध्ये पूर्ण वेळ चालवणाराच माणूस झाला. हार्विक, एडवर्ड्स, बॉयर, काइल बुश, केसेलोव्स्की. म्हणजे ज्युनियर कॉलेजच्या गॅदरिंगचं पहिलं बक्षीस दरवर्षी प्राध्यापकानेच न्यायचं. काइल बुशने तर त्या सिरीजमध्ये एकूण 102 रेस जिंकल्यात, आणि 2010 च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टलला एकाच आठवड्यात ट्रक, नेशनवाइड आणि कप अशा तिन्ही. लोक शिट्ट्या मारायचे, पण हुर्यो करण्यासाठी, आणि तो गाडीतून उतरून कमरेत वाकून नमस्कार करायचा. अजून चिडायचे.

मग नियम आले. 2011 पासून पॉइंट्स कुठल्या तरी एकाच सिरीजचे घ्यायचे, म्हणजे रेस जिंका पण चॅम्पियनशिप नाही. तरीही रेस जिंकतच राहिले तेव्हा 2017 ला अनुभवी कप ड्रायव्हरना शनिवारच्या वर्षाला 10 रेसची मर्यादा घातली, 2018 ला 7, 2020 ला 5. आमच्या ग्रुपमधल्या पहिल्या पार्टीला मी हे सांगितलं तर म्हणे, "बघ, तुमच्याकडे खाली खेळायला बंदी आणि आमच्याकडे सक्ती, आमचंच बरं." दुसरी पार्टी म्हणे बघ, अमेरिकेला कळलं. दोघंही जिंकले! मला मात्र वाटतं की दोन्हीकडे चुकीची गोष्ट मोजली जातेय.

आमच्या शेजारी एक गृहस्थ आहेत, साठी उलटलेले, दिवसा हार्डवेअरच्या दुकानात आणि शनिवारी एका छोट्या टीमकडे टायर बघतात. छोटी म्हणजे किती, तर वर्कशॉपमध्ये सात माणसं, त्यातला एक ट्रेलरपण चालवतो आणि तोच दुपारी बर्गरही भाजतो. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. एका कोपऱ्यात टायरांची चळत होती आणि प्रत्येकावर खडूने काहीतरी लिहिलेलं, मी विचारलं हे काय, तर म्हणाले मोठ्या टीमनी प्रॅक्टिसमध्ये चार-पाच लॅप वापरून काढलेले टायर, आम्ही स्वस्तात घेतो. मग त्यांनी टायरवर अंगठा दाबून फिरवला, अगदी आई भाजीवाल्याकडे वांगं दाबून बघते तसा, आणि तो बाजूला ठेवला. रेसला फक्त 38 गाड्या सुटतात, त्यात नंबर लागला नाही तर तसाच ट्रेलर वळवून घरी, जाण्यायेण्याचं डिझेल खिशातून. त्या आठवड्यात एका मोठ्या टीमने कपच्या ड्रायव्हरसाठी जादा गाडी उतरवली होती आणि यांची गाडी एका जागेने राहिली.

मला वाटलं शिव्या घालतील. पण त्या ड्रायव्हरबद्दल एक शब्द वाईट बोलले नाहीत. म्हणाले, तो पोरगा आमच्या गाडीत बसला असता तर मला आनंदच झाला असता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की रणजी आणि हे एक नाहीच. रोहित बीकेसीला आला तो एकटा आला. बॉल तोच, पिच तेच, आणि समोर पुलवामाचा उंच उमर नझीर तोच बॉल हातात घेऊन उभा. त्याने रोहितला 3 वर काढलं ते स्वतःच्या हाताने. आठ दिवसांनी दिल्लीत रेल्वेच्या हिमांशू सांगवानने कोहलीचा स्टंप उडवला 6 वर. खालच्याला वरच्याशी भिडायची खरी संधी मिळाली, जन्मभर सांगता येईल अशी. पण काइल बुश शनिवारी खाली यायचा तेव्हा एकटा नाही यायचा, सोबत जो गिब्स या बड्या टीममालकाचा अख्खा कारखाना यायचा, इंजिन, इंजिनियर, सिम्युलेटर, सगळं. म्हणजे रोहितने स्वतःचं पिच ट्रकमध्ये घालून आणावं आणि बॉलरला सांगावं की तू मात्र वापरलेल्या बॉलने टाक.

गाडीने किती फरक पडतो याचा पुरावा म्हणजे रॉस चॅस्टेन. हा फ्लोरिडातल्या कलिंगडवाल्या शेतकऱ्याच्या घरातला. 2018 मध्ये जेडी मोटरस्पोर्ट्स या छोट्या टीमकडे होता, मधल्या घोळक्यात कुठेतरी शेवट व्हायचा, फार कोणी नावही घेत नसे. मग गनासी या मोठ्या टीमने त्याला फक्त तीन रेससाठी चांगली गाडी दिली. पहिल्याच रेसला डार्लिंग्टनला 90 लॅप पुढे राहिला (नंतर हार्विकशी टक्कर झाली ते सोडा) आणि दुसऱ्या रेसला लास वेगासला थेट जिंकला. माणूस तोच, दोन आठवड्यांपूर्वीचाच. जिंकला की ट्रॅकवर कलिंगड आपटून फोडतो, शेतकऱ्याचं पोर शेवटी.

आता दुसरी बाजूपण आहे आणि ती खोटी नाही. मोठं नाव आलं की तिकिटं खपतात, टीव्हीवाले येतात, स्पॉन्सर येतो. कोहलीच्या त्या मॅचला दिल्लीत हजारो लोक आले आणि तो आऊट झाल्यावर अर्धं स्टेडियम उठून गेलं, तसंच इथे. आणि काइल बुशला नुसत्या शिव्या घालणं पण बरोबर नाही, कारण ट्रक सिरीजमध्ये त्याची स्वतःची टीम होती आणि एरिक जोन्स, क्रिस्टोफर बेल, बबा वॉलेस ही सगळी पोरं त्या टीममधून वर आली. तो स्वतः अधूनमधून चालवायचा म्हणून स्पॉन्सर टिकायचे आणि उरलेल्या रेसला पोरांना ट्रक मिळायचा. 2019 मध्ये तो पाच ट्रक रेस चालवला आणि पाचही जिंकला, तेव्हा 2020 ला हार्विक आणि ट्रक सिरीजच्या स्पॉन्सर कंपनीचा प्रमुख मार्कस लेमोनिस यांनी मिळून 1 लाख डॉलरचं इनाम लावलं, जो कपवाला याला ट्रकमध्ये हरवेल त्याला. मे महिन्यात आमच्या शार्लटलाच चेस एलियटने हरवलं आणि उतरून काइलचाच तो वाकून नमस्कार केला. कोविड होता, स्टँड रिकामे, आम्ही घरात टीव्हीपुढे, बायको म्हणाली एवढा काय ओरडतोस. इनाम लावणं हे मला फार आवडलं, एकदम आपल्या जत्रेतल्या कुस्तीसारखं. पण लक्षात घ्या, हरवायला सुद्धा कपवालाच लागला, आणि तोही चांगल्या ट्रकमध्ये.

मी खटाव तालुक्यातला. पुसेगावच्या यात्रेच्या बैलगाडी शर्यती लहानपणापासून पाहिलेल्या, मग मधे 2014 ला बंदी आली, 2023 ला सुप्रीम कोर्टाने कायमची परवानगी दिली आणि आता मी इथून शनिवारी रात्री जागून यूट्यूबवर मैदानं लाइव्ह बघतो. तिथे गट कसे असतात? आदत म्हणजे दुधाच्या दातांचं वेगळं, दुसा म्हणजे दोन दातांचं वेगळं, ओपन वेगळं. बैलाचा जबडा उघडून दात बघतात, दुधाचे आहेत का दोन दात लावलेत. बकासुरसारखा नावाजलेला बैल आदतच्या मैदानात कोणी आणला तर कमिटी फाटीवर, म्हणजे पळायच्या पट्टीवर, पाय ठेवू देणार नाही. पण गाडीवर बसणाऱ्या ड्रायव्हरला कोणी विचारत नाही तू किती हिंदकेसरी जिंकलास. उलट नावाजलेला ड्रायव्हर आदतच्या खोंडाला मिळाला तर मालक खूश, खोंड शिकतो.

खेड्यातल्या कमिटीला जे कळतं ते डेटोनाला नॅस्कारच्या कचेरीत बसून नियम करणाऱ्यांना का कळू नये? 10 काय, 7 काय, 5 काय, आकडा माणसाला कशाला लावायचा. लावा गाडीला. लार्सनसारख्या कपवाल्याला वर्षाला वीस रेस चालवू दे की, पण कपच्या टीमची किंवा तिचं इंजिन-इंजिनियर घेतलेली गाडी नको, पॉइंट्समध्ये खालच्या अर्ध्यात असलेल्या टीमचीच पाहिजे. मग स्पॉन्सर पण त्या सात माणसांच्या वर्कशॉपमध्ये येईल. मोठ्या टीमचे मालक हे होऊ देणार नाहीत हे मला माहीत आहे, आणि बाराव्या नंबरवर शेवट करायला मोठा ड्रायव्हर येणार का हाही प्रश्न आहेच. जो येईल तो खरा हौशी.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं तर एकाने फक्त बैलाचा इमोजी टाकला आणि दुसऱ्याने विचारलं रोहितचं काय ते बोल. जाऊ दे.

शेजारच्या गृहस्थांना मात्र परवा अंगणात बसून फोनवर मैदान दाखवलं. दात बघतात तिथे त्यांनी थांबवायला लावलं, जवळ धरून बघितलं आणि म्हणाले, हं, टेक इन्स्पेक्शन (रेसआधी गाडी तपासतात ते). मग पुढचं सगळं नीट पाहिलं, गट, सेमी, फायनल. शेवटी गटातच बाहेर गेलेली एक जोडी पिकअपमध्ये चढवत होते, त्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, याचं डिझेल कोण देतं?

मालकच, म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पुढचा व्हिडिओ लावायला सांगितला.