हनुमानफळाच्या काढ्याचा तो मेसेज चुकीचा आहे

दापोली-गुहागरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय: ‘स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर केमोचा उपयोग शून्य. हनुमानफळाच्या पानांचा काढा केमोपेक्षा दहा हजार पट जालीम.’ कृपया यावर विसंबू नका.

तो आकडा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरच्या प्रयोगातला आहे. या काढ्याने माणसाचा कॅन्सर बरा होतो, हे कुठल्याही चाचणीत सिद्ध झालेलं नाही. उलट, ग्वादलूप बेटावर हे फळ आणि पानांचा चहा नेहमी घेणाऱ्यांत कंपवातासारखा आजार आढळल्याचं 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलंय.

केमोने सगळे बरे होत नाहीत, हे खरंच. पण उपयोग शून्य? 2011 च्या फ्रेंच चाचणीत, स्वादुपिंडाच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या रुग्णांत, जेमसिटाबिन या एकट्या केमो औषधावर मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) 6.8 महिने होतं. ‘फॉल्फिरिनॉक्स’ या चार औषधांच्या केमोवर 11.1. स्वादुपिंडाच्याच, झपाट्याने वाढणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा या दुर्मीळ प्रकारात तर औषधंच वेगळी: सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन, जोडीला इटोपोसाइड. म्हणून बायोप्सीच्या रिपोर्टवर नेमका प्रकार काय लिहिलाय, ते डॉक्टरांकडून समजून घ्या. शंका असेल तर बायोप्सीच्या काचपट्ट्या (स्लाइड) आणि मेणात जपलेला तुकडा (ब्लॉक) घेऊन परळच्या टाटा हॉस्पिटलात दुसरं मत घ्या.

मला खरी काळजी आहे ती वेळेची. डोळे पिवळे होणं, अंगाला खाज सुटणं ही या कॅन्सरचीही लक्षणं असू शकतात; पण तसं झालं की आपल्याकडे आधी काविळीचं गावठी औषध सुरू होतं. त्यात आता या काढ्याची भर. तोवर माणूस इतका खंगतो की केमो झेपत नाही.

मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.